पहिल्या सेक्टरची मालकी : दुहेरी बूटव्यवस्था, सुरक्षा-सॉफ्टवेअर आणि पूर्वस्थितीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदविण्याची पद्धत विद्यापीठीय वर्तुळात चांगलीच रुळली आहे. भाषाविषयक संशोधन करणाऱ्यांना तर ती पुष्कळदा अपरिहार्य ठरते. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट फाँटच्या संकेतांत टंकलिखित झालेले मराठी साहित्य उघडावयाचे, तर विंडोजवरील जुने प्रोग्राम आणि ते जुने फाँट हाताशी असावे लागतात; उलट शब्दसंग्रहांची छाननी, वारंवारितेची गणना, कोशरचना यांसाठी उपयोगी पडणारी अनेक साधने लिनक्सवर अधिक सुखाने चालतात. अशा संगणकावरून एखादे सुरक्षा-सॉफ्टवेअर काढून टाकले असता काही वेळा विलक्षण परिस्थिती उद्भवते. विशेषतः ते सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारे, म्हणजे तिच्यावरील मजकूर किल्लीवाचून कोणास वाचता येऊ नये अशा रीतीने बदलून ठेवणारे असेल, तर ही शक्यता अधिक. संगणक सुरू होतो, परंतु दोन प्रणालींतून एकीची निवड करण्याची यादी दिसेनाशी होते. विंडोज सरळ उघडते आणि लिनक्स त्या यंत्रावर कधी नव्हतेच असे वाटू लागते. क्वचित याच्या उलट घडते, आणि क्वचित काहीच उघडत नाही.

ही घटना सामान्यतः सॉफ्टवेअरमधील दोष किंवा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणून निकालात काढली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहण्याचे योजिले आहे. संगणक जेथून सुरू होतो त्या स्थानाची मालकी कोणाकडे असावी, हे प्रारंभी निश्चित केले गेले नाही. त्यामुळे तेथे आलेल्या प्रत्येकाने, मग तो विषाणू असो, बूटलोडर असो वा सुरक्षा-सॉफ्टवेअर, आपल्यापूर्वीच्या मजकुराची जी प्रत आपणांस आढळली तिलाच 'मूळ' मानले. परिणामी 'पूर्वस्थितीवर आणणे' याचा अर्थ नेमक्या कोणत्या दिवसाच्या स्थितीवर आणणे, हा प्रश्न तंत्राइतकाच पाठचिकित्सेचाही होऊन बसतो. या विधानाची छाननी पुढील विवेचनात क्रमाने केली आहे.

२. १९८३ची तरतूद

आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी आत घातली की तिच्या पहिल्या सेक्टरमधील मजकूर यंत्र स्मरणात घेई आणि त्याच्या हाती कारभार सोपवी. मार्च १९८३मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला एक्सटी हा नमुना आला आणि त्याबरोबरच पीसी-डॉसची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. डिस्कचे पार्टिशन पाडण्याची जी पद्धत पुढे तीस वर्षे टिकली, ती या आवृत्तीने घालून दिली.

या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड असे म्हणतात. त्याचे एकंदर ५१२ बाइट. त्यांपैकी ४४६ बाइट प्रारंभीच्या सूचनांसाठी. त्यानंतरचे ६४ बाइट पार्टिशनच्या कोष्टकासाठी. आणि अखेरचे दोन बाइट हा सेक्टर बूट करण्यास योग्य असल्याची खूण म्हणून. कोष्टकात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी मावतात. नोंदीत पार्टिशन कोठे सुरू होते, किती लांबीचे आहे आणि कोणत्या प्रकारचे आहे हे लिहिलेले असते. एका नोंदीवर 'सक्रिय' असल्याची खूण असते. पहिल्या सेक्टरमधील सूचनांचे काम एवढेच, की ही खूण असलेले पार्टिशन शोधावे आणि त्याच्या स्वतःच्या पहिल्या सेक्टरकडे कारभार सोपवावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. डॉसच्या त्या आवृत्तीला स्वतःसाठी एकच पार्टिशन पुरे होते. तरीही चार नोंदींची सोय केली गेली, ती इतर प्रणालींना त्याच डिस्कवर जागा मिळावी म्हणून. अर्थात अनेक प्रणालींचे सहजीवन ही पुढे हौशी मंडळींनी काढलेली पळवाट नसून मूळ रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट होती. पार्टिशनांच्या सीमा नीट आखून दिल्या गेल्या. मात्र त्या सीमांच्या बाहेर असलेला पहिला सेक्टर कोणी लिहावा, कोणी बदलावा आणि बदलताना कोणास कळवावे, यासंबंधी काहीही ठरविले गेले नाही.

याशिवाय आणखी एक बेवारशी जागा निर्माण झाली. डॉस पहिले पार्टिशन डिस्कच्या दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू करीत असे. त्यामुळे पहिल्या ट्रॅकमधील पहिला सेक्टर वगळता उरलेले सर्व सेक्टर रिकामे राहत. पुढे एका ट्रॅकमध्ये ६३ सेक्टर मोजण्याचा प्रघात पडला, तेव्हा ही रिकामी जागा ६२ सेक्टरांची, म्हणजे ३१,७४४ बाइटांची झाली. कोणत्याही कोष्टकात तिची नोंद नसे. यानंतरचा बराचसा इतिहास या ६२ सेक्टरांत घडला आहे.

३. विषाणूंचा काळ

या जागेचा उपयोग प्रथम ज्यांनी ओळखला ते विषाणूंचे कर्ते होत. १९८६ साली लाहोर येथील दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये शिरून बसे. मूळ सेक्टर तो नष्ट करीत नसे. फ्लॉपीवर अन्यत्र त्याची प्रत ठेवी आणि कोणी बूट सेक्टर वाचावयास गेल्यास ती जुनी प्रतच पुढे करी. १९८७मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे आढळलेला 'स्टोन्ड' हा विषाणू हार्ड डिस्कपर्यंत पोचला. मास्टर बूट रेकॉर्डच्या जागी तो स्वतः बसे आणि मूळ रेकॉर्ड पहिल्या ट्रॅकमधील सातव्या सेक्टरमध्ये हलवी. स्वतःचे काम झाले की तो त्या जुन्या रेकॉर्डकडे कारभार सोपवी, आणि वापरणाऱ्यास काही वावगे घडल्याचे कळतही नसे.

१९९१ साली उघडकीस आलेला 'मायकेलअँजेलो' हा याच 'स्टोन्ड'चा वंशज. ६ मार्च रोजी तो डिस्कवरील मजकूर पुसून टाकी, म्हणून १९९२ साली त्याचा मोठा गवगवा झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. मूळ रेकॉर्ड ठेवण्यासाठी तोही सातवाच सेक्टर वापरीत असे. साहजिकच एकाच डिस्कवर हे दोन्ही विषाणू एकामागून एक आले, तर दुसऱ्याने 'मूळ' म्हणून जपलेली प्रत प्रत्यक्षात पहिल्या विषाणूची असे, आणि ती ठेवताना खरे मूळ पुसले जाई. असे यंत्र मग हार्ड डिस्कवरून सुरूच होत नसे. प्रत जपणाऱ्याचा हेतू काहीही असो, आपल्या हाती आलेला पाठ मूळच आहे असे तो गृहीत धरतो. आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला त्याच्या प्रतीची वार्ता नसते. सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या बाबतीत पुढे जे घडले त्याचे बीज येथे स्पष्ट दिसते.

विषाणू काढून टाकण्याच्या उपायांचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९९१च्या एमएस-डॉस ५.० या आवृत्तीत एफडिस्क या प्रोग्रामला 'एमबीआर' हा शब्द जोडून दिल्यास तो पहिल्या सेक्टरमधील ४४६ बाइट नव्याने लिहून काढी आणि पार्टिशन-कोष्टकाला हात लावीत नसे. अधिकृत पुस्तिकेत न दिलेला हा उपाय अल्पावधीत सर्वतोमुखी झाला. 'स्टोन्ड'वर तो लागू पडे. परंतु 'मंकी' नावाच्या विषाणूने कोष्टकही जागेवर ठेवलेले नसे. ते त्याने कूटबद्ध करून दुसरीकडे नेलेले असे. अशा डिस्कवर तोच उपाय केल्यास विषाणू जाई आणि त्याबरोबर पार्टिशनांचा पत्ताही जाई. १९९४ सालचा 'वन-हाफ' याहून धूर्त होता. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना तो डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग कूटबद्ध करीत येई, आणि स्वतः जागा असेपर्यंत तो भाग वाचणाऱ्यास उलगडूनही देई. त्याची किल्ली पहिल्या सेक्टरमधील त्याच्याच मजकुरात असे. घाईने विषाणू पुसणाऱ्याने ती किल्लीही पुसलेली असे. कूटलेखन उलगडण्यापूर्वी कूटलेखकाला घालवू नये, हा धडा अशा रीतीने सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी एका विषाणूने घालून दिला होता.

४. बूटलोडरांचे आगमन

लिनक्सचा जन्म १९९१चा. त्यासाठी व्हेर्नर आल्मेसबेर्गर यांनी 'लिलो' हा बूटलोडर लिहिला. पहिल्या सेक्टरमध्ये बसून कोणती प्रणाली हवी हे विचारणे आणि तदनुसार ती सुरू करणे, हे त्याचे काम. लिलोला फाइलींची रचना वाचता येत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कवर ज्या ज्या ठिकाणी साठविलेला असे, त्या ठिकाणांचे आकडे तो आधीच टिपून ठेवी. गाभा बदलला आणि लिलो पुन्हा चालविला नाही, तर त्याच्याजवळील आकडे जुन्या जागेकडे बोट दाखवीत राहत.

ज्यांना पहिला सेक्टर विंडोज एनटीच्या ताब्यात राहू द्यावयाचा होता, ते लिनक्स पार्टिशनच्या बूट सेक्टरची ५१२ बाइटांची प्रत काढून ती विंडोजच्या पार्टिशनमध्ये फाइलरूपाने ठेवीत आणि एनटीच्या यादीत तिची नोंद करीत. ही युक्ती नामी होती. पण लिलो पुन्हा चालविला की ती प्रत शिळी होई आणि नव्याने काढावी लागे. उलट विंडोज ९५ पुन्हा बसविताना पहिला सेक्टर कोणास न विचारता नव्याने लिहिला जाई आणि लिलो नाहीसा होई. दोन्ही बाजूंचे वर्तन आपापल्या दृष्टीने सुसंगत होते. प्रत्येक प्रणालीला यंत्र आपल्या एकटीचेच वाटत होते, इतकेच.

१९९५ साली एरिक बोलेन यांनी आरंभिलेल्या 'ग्रब' या बूटलोडरने एक अडचण दूर केली. तो फाइलींची रचना स्वतः वाचू शके, त्यामुळे आकडे टिपून ठेवण्याची गरज उरली नाही. परंतु एवढे ज्ञान ४४६ बाइटांत मावणे शक्य नव्हते. म्हणून ग्रबचा उरलेला भाग त्या ६२ सेक्टरांच्या बेवारशी जागेत ठेवण्यात येऊ लागला. २००९नंतर ग्रबची दुसरी पिढी प्रमुख लिनक्स वितरणांत आली. तिचा हा भाग पूर्वीपेक्षा मोठा होता.

त्याच सुमारास असे दिसून आले, की विंडोजवरील काही व्यापारी सॉफ्टवेअरेही याच जागेत आपल्या खुणा लिहीत आहेत. परवाना तपासणारी फ्लेक्सनेट ही व्यवस्था त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. डिस्क पुसून प्रणाली पुन्हा बसविली तरी परवान्याची खूण राहावी, यासाठी कोणत्याही पार्टिशनमध्ये नसलेली ही जागा तिला सोयीची होती. विंडोजमध्ये असे सॉफ्टवेअर चालविले, की ग्रबचा एखादा सेक्टर पुसला जाई आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होत नसे. ग्रब पुन्हा बसविला, तरी ते सॉफ्टवेअर पुन्हा चालविताच तीच गत होई. २०१०-११च्या सुमारास ग्रबच्या कर्त्यांनी यावर दुहेरी उपाय योजिला. एक, अशा परक्या खुणा ओळखून ते सेक्टर टाळून लिहावयाचे. दोन, रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या दोषसुधार-पद्धतीने आपल्या मजकुरात जादा माहिती भरावयाची, जेणेकरून एखादा सेक्टर नष्ट झाला तरी पाठ पुन्हा जुळविता यावा. ग्रबच्या मूळ मजकुरात या परक्या खुणांची जी यादी आहे, तीत काही नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे. डिस्कवर सापडलेला मजकूर कोणाचा, हे कर्त्यांनाही अनुमानानेच ठरवावे लागले होते. अनामिक हस्तलिखितांची सूची करणाऱ्यास ही अवस्था अनोळखी वाटू नये.

५. कूटलेखन आणि काढून टाकण्याचा क्रम

संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर सर्वसामान्यांच्या हाती पडले, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने गंभीर झाला. ट्रूक्रिप्ट हे त्याचे उत्तम उदाहरण. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या सॉफ्टवेअरच्या फेब्रुवारी २००८मधील ५.० या आवृत्तीने विंडोजचे संपूर्ण पार्टिशन कूटबद्ध करण्याची सोय आणली. विंडोज उघडण्यापूर्वीच पासवर्ड विचारावयाचा, तर विचारणारा विंडोजच्याही आधी जागा असला पाहिजे. म्हणून ट्रूक्रिप्टचा बूटलोडर पहिल्या सेक्टरमध्ये व त्यापुढील रिकाम्या जागेत बसविला जाई. ज्या किल्लीने डिस्क कूटबद्ध केली ती किल्लीही, पासवर्डने बंद केलेल्या स्थितीत, पहिल्या ट्रॅकच्या अखेरच्या सेक्टरमध्ये ठेवली जाई. ग्रब ज्या जागेला रिकामी समजत होता, तिच्यातच आता सर्व मजकुराची किल्ली होती.

या रचनेतील धोका तिच्या कर्त्यांना ठाऊक होता. कूटलेखनास प्रारंभ करण्यापूर्वी ते वापरणाऱ्याकडून एक बचाव-डिस्क तयार करून घेत. तिच्यात चार गोष्टींची सोय असे : ट्रूक्रिप्टचा बूटलोडर पुन्हा बसविणे, किल्लीचा सेक्टर पुन्हा लिहिणे, त्यापूर्वीचा मूळ बूटलोडर परत आणणे, आणि विंडोज न उघडताही डिस्क कायमची उलगडणे. ही डिस्क त्या एका यंत्रापुरतीच असे. दुसऱ्याची उसनी घेऊन भागत नसे, आणि पासवर्ड विसरलेल्यास तिचा काहीच उपयोग नसे.

आता दुहेरी बूटव्यवस्थेचा विचार करू. पहिला सेक्टर ट्रूक्रिप्टने घेतल्यावर ग्रबला तेथून उठावे लागे. त्याला लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसवीत, आणि पासवर्डच्या पडद्यावर एस्केपची कळ दाबली की ट्रूक्रिप्ट तिकडे जाण्याची वाट मोकळी करी. ही व्यवस्था वर्षानुवर्षे सुरळीत चाले. मे २०१४मध्ये ट्रूक्रिप्टचा विकास अकस्मात थांबविण्यात आला आणि अनेकांनी ते काढून टाकण्याचे ठरविले. विंडोजमधून रीतसर उलगडण्याची क्रिया केली, की डिस्क पूर्ववत वाचनीय होई आणि ट्रूक्रिप्टचा बूटलोडर निघून जाई. त्यानंतर पहिल्या सेक्टरमध्ये केवळ सक्रिय पार्टिशन उघडणाऱ्या साध्या सूचना उरल्या, तर विंडोज उघडे. लिनक्सच्या फाइली, त्याचे पार्टिशन, त्यात बसलेला ग्रब ही सर्व जागच्या जागी असत. फक्त त्याला हाक मारणारे कोणी उरलेले नसे. जे लिनक्स 'गेले' असे वाटे ते वस्तुतः कोठेही गेलेले नसे. पार्टिशन-कोष्टक शाबूत आहे ना हे पाहून लिनक्सच्या सीडीवरून यंत्र सुरू करावे आणि ग्रब पुन्हा पहिल्या सेक्टरमध्ये बसवावा, एवढ्याने भागे.

हेच काम उलट क्रमाने केले तर मात्र अनर्थ ओढवे. डिस्क उलगडण्यापूर्वीच कोणी विंडोजच्या दुरुस्ती-डिस्कवरून फिक्सएमबीआर चालविले, तर पासवर्ड विचारणाराच नाहीसा होई. किल्लीचा सेक्टर शाबूत असल्याने बचाव-डिस्कच्या साहाय्याने यातून मार्ग निघे. परंतु कोणी त्याऐवजी ग्रब पहिल्या ट्रॅकमध्ये बसविला, तर किल्लीच्या सेक्टरवरही लेखन होण्याचा संभव असे. अशा वेळी बचाव-डिस्क नसली, तर पासवर्ड अचूक ठाऊक असूनही मजकूर कायमचा गेला. 'वन-हाफ'चा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

बचाव-डिस्कवरील 'मूळ बूटलोडर' हा शब्दप्रयोगही जपून वाचावयास हवा. ते मूळ म्हणजे कूटलेखनाच्या दिवशी पहिल्या ट्रॅकवर जे आढळले ते. त्यानंतरच्या काळात लिनक्स नव्याने बसविले असेल, पार्टिशन लहानमोठी केली असतील, तर त्या प्रतीला याची खबर नसते. तिचे परत आणणे म्हणजे एका विशिष्ट तारखेला परत जाणे होय.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिस्टा या प्रणालीबरोबर आलेल्या बिटलॉकरने दुसरी वाट धरली. यंत्रातील टीपीएम ही चिप बूट होण्याच्या प्रत्येक टप्प्याचे मोजमाप नोंदवून ठेवते आणि ते ठरल्याप्रमाणे आढळले तरच किल्ली देते. बूटलोडर बदलला, तर मोजमाप बदलते आणि यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. म्हणजे येथे सुरक्षा-व्यवस्था पूर्वस्थितीची प्रत ठेवीत नाही, तिचा ठसा ठेवते. त्या ठशाशी न जुळणारी स्थिती, मग ती चोराने घडविलेली असो वा मालकाने, तिला सारखीच संशयास्पद. म्हणून ग्रबमध्ये काही फेरफार करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि ती ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी, हा दंडक पडला.

६. यूईएफआय : मालकीची नवी मांडणी

पहिल्या सेक्टरची ही अनागोंदी मिटविण्याचा प्रयत्न यूईएफआय या नव्या फर्मवेअर-व्यवस्थेने केला. तिचे मूळ इंटेलच्या १९९०च्या दशकातील कामात असून २००५ साली अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंचाकडे तिची सूत्रे गेली. तीत बूटलोडर बेवारशी सेक्टरांत न ठेवता एका राखीव पार्टिशनमध्ये साध्या फाइलींच्या रूपाने ठेवतात. प्रत्येक प्रणालीचा फोल्डर वेगळा असतो, आणि त्यांचा क्रम यंत्राच्या कायम स्मरणात लिहिलेला असतो. येथे एखादे सॉफ्टवेअर काढल्यावर लिनक्स दिसेनासे झाले, तर बहुधा ग्रबची फाइल शाबूत असून केवळ क्रम बदललेला असतो. तो फर्मवेअरच्या पडद्यावरून पूर्ववत करता येतो. सहजीवनाचे जे तत्त्व १९८३मध्ये अर्धवट राहिले होते, ते येथे पूर्णत्वास गेले असे म्हणावयास हरकत नव्हती.

परंतु २०११ साली याच व्यवस्थेत सिक्युअर बूटची भर पडली. विश्वसनीय स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालू द्यावयाचा, असा तिचा नियम. २०१२च्या विंडोज ८बरोबर ती सर्वत्र पसरली. यंत्रांत ज्या स्वाक्षऱ्या आधीपासून मान्य असत त्यांत मायक्रोसॉफ्टची प्रमुख होती. लिनक्सच्या बाजूने मॅथ्यू गॅरेट प्रभृतींनी 'शिम' नावाचा छोटा मध्यस्थ तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी, आणि पुढे तो ग्रबची स्वाक्षरी स्वतः तपासणार, अशी ही साखळी होती. सर्वांना जागा मिळाली खरी. पण आता ती एका द्वारपालाच्या मान्यतेने मिळत होती.

जुलै २०२०मध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' हा दोष जाहीर झाला. सदोष ग्रब चालू नये म्हणून त्यांच्या खुणा बंदी-यादीत घालाव्या लागल्या. तीन प्रमाणपत्रे आणि सुमारे १५० फाइलींच्या खुणा एवढ्यानेच त्या यादीची साधारण एकतृतीयांश जागा भरली. पुढील दोषांना जागा उरावी म्हणून २०२१मध्ये 'एसबॅट' ही पद्धत आली. प्रत्येक घटकास पिढीचा क्रमांक द्यावयाचा आणि अमुक पिढीच्या आतील सर्व नामंजूर, एवढेच नोंदवावयाचे. त्याच वर्षीच्या ग्रब २.०६ या आवृत्तीने इतर प्रणाली आपोआप शोधून यादीत घालण्याची सोयही सुरक्षेच्या कारणास्तव मूलतः बंद ठेवली. ग्रब नव्याने बसवूनही यादीत विंडोज न दिसण्याचे कारण अनेकदा हेच असते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत ही सोय हाताने चालू करावी लागते.

१३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या मासिक सुधारणेबरोबर एसबॅटचा नवा क्रमांक यंत्रांच्या कायम स्मरणात लिहिला गेला. दुहेरी बूट असलेल्या यंत्रांना तो लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. परंतु काही यंत्रांवर दुसरी प्रणाली असल्याचे विंडोजला ओळखता आले नाही, आणि तेथील लिनक्स सुरू होईना. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. विंडोजमधून ती सुधारणा काढून टाकून काहीच साधत नव्हते. सुधारणा विंडोजच्या फाइलींत होती. क्रमांक यंत्राच्या स्मरणात. उपाय असा होता, की सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स उघडावे, मोकयुटिल या साधनाने तो क्रमांक पुसावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मग सिक्युअर बूट पूर्ववत चालू करावे. विंडोजच्या बाजूने हा दोष मे २०२५मधील सुधारणेने निवारण्यात आला.

७. समारोप

येथवरच्या इतिहासातून एक समान सूत्र हाती लागते. सॉफ्टवेअर काढून टाकणे आणि त्याने केलेले लेखन काढून टाकणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली क्रिया ते सॉफ्टवेअर ज्या प्रणालीत राहते तिच्यात घडते; दुसरीचे क्षेत्र त्या प्रणालीच्या सीमेबाहेर, सर्वांच्या सामाईक जागेत असते. सामाईक जागेत शेवटी लिहिणाऱ्याला आपल्या आधीचा पाठ तेवढा ठाऊक असतो. आपल्यानंतरचा नसतो, आणि शेजाऱ्याचा तर नसतोच. म्हणून 'मूळ पूर्ववत केले' हा यंत्राने दिलेला निर्वाळा त्याच्या माहितीपुरताच खरा मानावा.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण करताना विष्णु सीताराम सुकथनकर यांनी व्यासांचा मूळ शब्द हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा पाठ त्यांनी निश्चित केला. डिस्कच्या बाबतीतही 'मूळ' शोधण्याऐवजी कोणती प्रत कोणत्या तारखेची आणि कोणी काढलेली, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

व्यवहारात याचा अर्थ थोडक्यात सांगता येईल. कूटलेखन प्रथम उलगडावे, कूटलेखक नंतर काढावा आणि बूटलोडर सर्वांत शेवटी बसवावा. प्रत्येक मोठ्या फेरफारापूर्वी पहिल्या ट्रॅकची, पार्टिशन-कोष्टकाची किंवा यूईएफआयच्या राखीव पार्टिशनची प्रत यंत्राबाहेर ठेवावी आणि तिच्यावर तारीख घालावी. पुनर्प्राप्ती-किल्ली त्याच डिस्कवर ठेवू नये. लिनक्स दिसत नाही म्हणून ते नष्ट झाले असे समजून पार्टिशन पुन्हा पाडण्याची घाई करू नये. हाक मारणारा नाहीसा झाला आहे की मजकूरच, हे आधी पाहावे.

आपल्या विभागांपुरते पाहिल्यास यात दावणीला लागते ते केवळ यंत्र नव्हे. बोलींच्या नोंदी, अप्रकाशित शब्दसंग्रह, एखाद्या संशोधकाने निवृत्तीपर्यंत जमविलेली उदाहरणे आणि जुन्या फाँटमधील मजकूर यांची पुष्कळदा दुसरी प्रत नसते. हस्तलिखिताला वाळवी लागली तर निदान दिसते. किल्लीचा एक सेक्टर पुसला गेला, तर डिस्क बाहेरून पूर्वीसारखीच राहते आणि आतील एक अक्षरही पुन्हा वाचता येत नाही.